साधा की प्रो, ते मी ठरवलं

शुक्रवार, १३ सप्टेंबर

संगिते, चष्मा शोधत असशील तर आधी डोक्यावर हात फिरव. सापडला? आता वाच. शाळेतून एका पायात चप्पल घालून घरी यायचीस तू, आणि दुसरी कुठे म्हटलं की जी पायात आहे तीच दाखवायचीस. आता तलासरीत तुझं घर झालं, सून यायची वेळ आली, तरी सोमवारी फोनवर सांगितलेलं तुला मंगळवारी आठवत नाही. म्हणून ही वही. मी बोलते, तुझी वहिनी सुनिता लिहिते. मला अक्षर येत नाही, पण सुनिता काही गाळायला लागली की तिचा हात थांबतो आणि ते मला दिसतं. वही भरली की तुझ्याकडे येईल. रोजचं सांगणार नाही. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवसावर शाई कशाला घालवायची?

आज झालं.

आपल्या घरात सोनारांच्या डाय बनतात हे तरी आठवतं ना? पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी खोदायची. वर सोन्याचा पत्रा ठेवून ठोका मारला की ती सुलटी उठते. तुझा बाप छिन्नीने खोदायचा, तुझा भाऊ उमेशही छिन्नीनेच शिकला. आता आपल्या गावात, वरोरात, मशीनं आली, आपल्याकडेही एक आहे. मशीनला छिन्नी कळत नाही, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र कळतं. ते चित्र उमेश बाहेरून काढून आणतो. आपली मयूरी दीड वर्ष डहाणू रोडला क्लासला जाऊन तेच काम शिकली. तर आज जेवताना पोरगी म्हणाली, "बाबा, एक लॅपटॉप घ्या. चित्रं मी घरीच काढते. पण प्रो घ्या. साध्यावर लक्ष्मी उघडायची नाही."

"लक्ष्मी म्हणजे काय दुकान आहे, उघडायला?"

"फाइल, बाबा. जड असते."

"बापाला फाइल शिकवते?"

उमेशच्या मांडीशी पोलादाचा ठोकळा होता. तो त्याने फेकला. मयूरीच्या कानाला हवा लागली असेल इतक्या जवळून गेला आणि माठावर आदळला. माठ फुटला, घरभर पाणी. सुनिता पुसायला वाकली तर तिच्या कमरेत लाथ बसली, कारण ती वाकलेली होती. दुसरं कारण मला दिसलं नाही.

मी काय केलं विचारशील. दात गेल्यापासून मी पान कुटून खाते. बत्ता लोखंडाचा आहे, तुझ्या बापाने घडवलेला. खलबत्ता पुढ्यात ओढला आणि पान कुटत बसले. जोरात कुटलं की बाकीचं ऐकू येत नाही.

सुनिता, थांबू नको गो. लिही.

रविवार, १५ सप्टेंबर

मंगळवारी अनंत चतुर्दशी, बुधवारपासून पितृपक्ष. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही, म्हणून घाई. मुंबईच्या शेठने धनत्रयोदशीच्या पदकांसाठी लक्ष्मीची डाय सांगितली आहे. लॅपटॉप घ्यायचा हे उमेशला पटलं, कारण बाहेरचा माणूस वेळेत चित्र देईना. भांडण आता एवढंच की साधा की प्रो. आणि ते ठरवायचं मी, कारण मोडायच्या आहेत माझ्या पाटल्या. बापलेक दोघंही माझ्याशी आज फार गोड बोलतात. उमेशने तर पानाला चुना लावून दिला.

मयूरीला म्हटलं, "मला समजेल असं सांग. स्क्रीन, रॅम असलं काही बोललीस तर झोपून जाईन."

तिने बापाच्या पेटीतून दोन छिन्न्या आणल्या. "आजी, ही पितळेवर चालते. पोलादावर घातली तर?"

"तोंड मुडपतं."

"ही?"

"ही पोलादावर चालते. तुझा आजोबा हिला बायकोसारखी जपायचा." मग म्हटलं, बायकोपेक्षा जास्त.

"पहिली म्हणजे साधा. पत्र लिहा, फोटो बघा, चालेल. लक्ष्मीचे दागिने, साडीच्या चुण्या, नखं, एवढं खोल काम त्याच्यावर टाकलं की अडकतो. दुसरी म्हणजे प्रो."

कळलं मला. पुढे विसरले असं कुणी म्हणायला नको म्हणून सांगून ठेवते, मला आजच कळलं आहे.

सुनिताचा डावा हात मनगटाशी सुजलाय. भिंतीला आपटला म्हणते. आमच्या घराची भिंत फार वाईट आहे. चोवीस वर्षं या एकाच बाईला लागते.

सोमवार, १६ सप्टेंबर

डहाणू रोडला गेलो. मी, उमेश, मयूरी. आधी सोनाराकडे, मग लॅपटॉपच्या दुकानात. दुकानदार मनिष नावाचा, पोटावर शर्ट ताणलेला. त्याने मला खुर्ची दिली आणि दोन्ही लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवले. दोन्ही काळे. प्रो जड.

"आजी, दिसायला बहिणी आहेत," तो म्हणाला, "पण हा प्रो जरा जास्त शिकलेला आहे."

"मग हा सासरी टिकायचा नाही," मी म्हटलं. सगळे हसले. मयूरी हसली नाही.

तिने विचारलं, "ग्राफिक कार्ड वेगळं आहे ना याला?" मनिष तिच्याशी बोलायला लागला, उमेशला सोडून. दोघं पाच मिनिटं असं काही बोलत होते की उमेश मध्ये उभा राहून कधी याचं तोंड बघे, कधी तिचं. मग त्याने पोरीच्या मानेवर हात ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाप लाडाने हात ठेवतोय. बोटं आत गेली होती. मयूरीचे डोळे पाण्याने भरले आणि तिचं बोलणं बंद झालं. मनिषने ते पाहिलं आणि तो चार्जरचा खोका शोधायला लागला, समोरच असून.

"आई, तू सांग," उमेश म्हणाला. "चित्रच काढायचंय. मी एवढ्याशा छिन्नीने सात पदरी हार काढले. हिला प्रो लागतो."

साध्याला एक पाटली पुरत होती. प्रोला दोन्ही. त्या पाटल्यांची नक्षी तुझ्या बापाच्या डायवर ठोकलेली, पन्नास वर्षं हातात. एक काढली तेव्हाच हात उघडा वाटला. मी दुसरीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "साधा घ्या. हलका आहे."

परत येताना रिक्षात मयूरी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या मानेवर चार लाल ठसे आणि मागे एक. म्हटलं, मांडीवर डोकं ठेव. नाही ठेवलं तिने.

मंगळवार, २४ सप्टेंबर

लॅपटॉप अडकतो. मयूरी चित्र काढते, तो विचार करत बसतो, गोल फिरत राहतो. तापला की भाकरीच्या तव्यासारखा. पोरगी त्याच्याखाली दोन वाट्या उपड्या ठेवते, वर पंखा लावते आणि लक्ष्मीला आधी कमरेपर्यंत काढते, मग वरची वेगळी. उमेश दर तासाला येऊन बघतो.

"झालं?"

"उघडतोय, बाबा."

"मी असतो तर आतापर्यंत दोन डाय खोदल्या असत्या."

"मग खोदा ना," ती म्हणाली.

संगिते, हे तिने बोलायला नको होतं. उमेशच्या उजव्या हाताची नस दोन वर्षांपूर्वी आखडली, बारीक छिन्नी धरली की बोटं थरथरतात. घरात हे कुणी बोलत नाही. त्याने पंख्याची वायर ओढून काढली आणि तिच्या पाठीवर ओढली. तीनदा. चौथीला सुनिता मध्ये पडली आणि चौथी तिला लागली, पाचवी पण.

मी कुटत होते. सुपारी फार बारीक झाली.

बुधवार, २ ऑक्टोबर

सर्वपित्री अमावास्या. तुझ्या बापाचं पान ठेवलं. कावळा पहिल्या हाकेला आला. जिवंतपणी कधी वेळेवर जेवायला आला नाही.

आज एक चांगलं झालं ते आधी लिही, सुनिता. लक्ष्मी पूर्ण झाली. मयूरीने मशीनला द्यायला सकाळी फाइल उघडायला टाकली. साधा लॅपटॉप, उघडायला अर्धा तास घेतो. आईचा हात अजून उचलत नाही म्हणून पोरगी तेवढ्यात वडे तळायला चुलीशी गेली. मी मशीनच्या खोलीत पान कुटत बसले होते. उमेश आला, लॅपटॉपसमोर बसला. चित्र उघडलं. लक्ष्मी अगदी देवळातल्यासारखी, उजव्या हातातून पैसे सांडतायत.

उमेश हसला. म्हणाला, "बघ आई, दीड वर्ष क्लास केला आणि पोरगी सरळच काढून बसली! डाय उलटी लागते हे तिच्या मास्तरला कोण सांगणार?"

"अगो बाय! मग रे?"

"हे बघ. एक बटण." त्याने बटण दाबलं. लक्ष्मी फिरली, पैसे डाव्या हातात गेले. "झाली उलटी. हाताचा कारागीर तो कारागीर." मशीनही त्यानेच सुरू केलं.

मला अभिमान वाटला. लिही गो, वाटला. वर्षभरात प्रथमच त्याचा चेहरा त्याच्या बापासारखा उजळला होता. आणि पुढे बघ. मयूरी पिठाच्या हाताने धावत आली. "बाबा, मशीन सुरू केलंत? काही हात लावलात का?"

"मी कशाला हात लावू? तुझं होतं तसंच घातलं."

म्हटलं, बाप मोठ्या मनाचा. पोरीची चूक पोटात घातली, बोललासुद्धा नाही.

वडे छान झाले होते.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

डाय झाली. उमेशने घासून, चकचकीत करून माझ्या हातात दिली. तुझा बापही प्रत्येक डाय आधी माझ्या हातात द्यायचा. मला अक्षर वाचता येत नाही, पण डाय बोटाने वाचता येते. नाक, नथ, पदर, कमळ. लक्ष्मीचा पैसे देणारा हात माझ्या बोटाला ज्या बाजूला लागला, त्या बाजूला आजवर कधी लागला नव्हता. जन्मभर डाय उलटी लागली, ही सरळ लागते. म्हटलं, कॉम्प्युटरची नवी रीत असेल. आणि म्हातारीच्या बोटाला काय विचारायचं?

डाय उमेशच्या हातात परत दिली.

शनिवार, ५ ऑक्टोबर, दुपार

सुनिता उजव्या हाताने लिहिते आहे, तो अजून चालतो. लवकर लिही गो, तो येईल.

सकाळी, सोन्याआधी बघायला म्हणून, शिशाची पट्टी डायवर ठेवून उमेशने ठोका मारला. पट्टी उचलली. लक्ष्मी डाव्या हाताने पैसे देत होती. धनत्रयोदशीची लक्ष्मी, डाव्या हाताने! त्याने ती पालथी करून पाहिली, उताणी करून पाहिली, दारात उजेडात नेली. तोवर फोटो शेठकडे गेला होता, कारण उमेशला घाई, आधी फोटो पाठवून मग बघतो. शेठचा फोन आला. फोन मोठ्या आवाजावर होता. "उमेशभाई, आ तो ऊंधुं छे! उलटी आहे ही! माझं नाव घालवता काय?" आणि फोन बंद.

मयूरी म्हणाली, "असं कसं? मशीनमध्ये उलटं होण्याची सेटिंग मी लावूनच ठेवलेली आहे. स्क्रीनवर सरळच दिसतं, खोदताना मशीन आपोआप उलटं करतं. कुणीतरी मध्येच..."

पुढचं तिच्या तोंडात राहिलं. उमेशने ते तोंडच फोडलं. उलट्या हाताने, अंगठी होती त्या हाताने. ओठ दोन जागी फाटला. मग केस धरून तिचं डोकं मशीनच्या पत्र्यावर. एकदा, दोनदा. सुनिता पाय धरायला गेली तर तिच्या सुजलेल्या मनगटावरच पाय ठेवून उभा राहिला, असा उभा राहिला जसा माणूस पायरीवर राहतो. "मशीनला दोष देते! बापाची अक्कल काढते!" मग लॅपटॉप उचलून ऐरणीवर ठेवला आणि घण घातला. एका घावात स्क्रीन गेली. दुसऱ्यात बटणं उडाली, घरभर, दात पडल्यासारखी. कोंबड्यांनी दाणे समजून टिपली आणि टाकून दिली. तो थांबला नाही. लॅपटॉपचा चुरा झाला तरी ठोकत होता.

मी काय करत होते ते लिही. मी कुटत होते. पान संपलं होतं. रिकामा खल कुटत होते.

उमेश दारू आणायला बाहेर गेला. मयूरी पोत्यावर बसून ओठाला ओढणी लावते आहे. तेवढ्यात सुनिता, जी चोवीस वर्षं माझ्यापुढे मान वर करून बोलली नाही, ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "आई, बुधवारचं वाचून दाखवू?"

वाचलं तिने. सगळं माझ्याच तोंडचं. एक बटण. झाली उलटी. हाताचा कारागीर तो कारागीर.

म्हटलं, "सुनिता, हे तुला बुधवारीच कळलं होतं?"

"लिहिताना कळलं नाही आई. आज मयूरी बोलली तेव्हा कळलं."

सरळ चित्र बघून हाताच्या कारागिरालाच वाटेल ते चुकलं म्हणून. दुसऱ्या कुणाला वाटलं नसतं. आणि साधा लॅपटॉप अर्धा तास अडकला नसता तर पोरगी जागेवरून उठली नसती. तो साधा मी घेतला. पाटली वाचवायला.

फाटक वाजलं. वही लपव.

सोमवार, ७ ऑक्टोबर

संगिते, आता मी फोनवर बोलते आहे आणि सुनिता तुझ्या ओटीवर बसून लिहिते आहे. तिला चहा दिलास ना? आणि मयूरीला थंड दे, ओठ भाजेल.

शनिवारी काय झालं ते तू दोघींकडून ऐकलं असशील. तरी माझ्या तोंडचं वहीत हवं.

चार वाजता उमेश आला. पिऊन आला, पण पाय सरळ होते. मी म्हटलं, "उमेशा, बुधवारी बटण तू दाबलंस. मी तिथे होते."

"तू म्हातारी झालीस."

"लिहून ठेवलंय."

"कुणी लिहिलंय?" असं म्हणून त्याने सुनिताकडे पाहिलं. ती मागे सरकली. पण तो तिच्याकडे नाही गेला. त्याने मयूरीचा उजवा हात धरला, ओढत ऐरणीकडे नेला आणि तिचा पंजा ऐरणीवर दाबून ठेवला, लॅपटॉपचा चुरा होता त्याच्यावरच. दुसऱ्या हातात हातोडी. "हाच हात उलटं काढतो ना? हा नकोच." पोरगी ओरडली नाही. तिने डोळे मिटले. मला वाटतं तिला ते ठाऊकच होतं, कधीतरी होणार म्हणून.

मी उठले. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, उठायला वेळ लागतो. त्यानेही वेळ घेतला, कारण तो हातोडी नेमकी कुठे मारायची ते बघत होता, कारागीर ना. बत्ता माझ्या हातातच होता. त्याचा डावा हात पोरीच्या मनगटावर होता. मी तिथे मारला. हाडाचा आवाज सुपारीसारखाच येतो. हातोडी पडली नाही म्हणून मग उजव्यावर मारला, बोटांवर. मग पडली. तो ऐरणीपाशी खाली बसला आणि "आई" म्हणाला. लहानपणी पडल्यावर म्हणायचा, अगदी तसंच. माझा हात पुन्हा वर गेला होता. तो मी खाली आणला, हेसुद्धा लिही. आणि सहज आला नाही, हेही लिही.

तुला एक सांगायचं राहिलंय. माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, ते तापाने नाही. तू लहान होतीस म्हणून ताप सांगितला. तुझ्या बापाचा हात डायवर जितका हलका चालायचा तितका घरात नव्हता. उमेश तेव्हा सहा वर्षांचा, दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं, पोर आहे, विसरेल. घरात विसरणारी तू एकटीच निघालीस.

दोघींना मीच रिक्षात बसवलं. हातातली पाटली मयूरीच्या हातात घातली. ढिली होते तिला. म्हटलं, कोपरापर्यंत चढव, पडेल.

मग उमेशला घेऊन दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

उमेश म्हणाला, "मशीनला आपटला."

संगिते, मला हसू आलं. सुनिताची भिंत, याचं मशीन. मी म्हटलं, "डॉक्टर, मी मारलं. बत्त्याने." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काठीकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाले, "आजींना जरा पाणी द्या, घाबरल्यात."

दोन्ही हातांना प्लास्टर. दीड महिना.

सुनिता, तुझ्या मनगटाचाही फोटो काढून घे तलासरीत. हाड मोडलंय की नाही ते कागदावर येऊ दे. पोलिसात जायचं असेल तर जा. मला विचारू नको, विचारलंस तर मी आई होईन. वही द्यावी लागली तर दे. बुधवारचं पान आणि आजचं पान दुमडून ठेव म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही. मी येऊन अंगठा देईन.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

आजही फोनवरूनच सांगते, सुनिता तुझ्याकडे बसून लिहिते. आज हत्यारांची पूजा केली. छिन्न्या, कानस, हातोडी, घण मांडले, वर झेंडू वाहिले. बत्तापण मांडला. कुंकू त्यालाच जास्त लावलं. उमेश दारात बसून बघत होता, दोन्ही हात मांडीवर, पांढरे, जाड, दुसऱ्याचे असल्यासारखे.

सकाळी मयूरीचा फोन आला. पोरगी, तू आणि सुनिता, तिघी डहाणू रोडला त्याच दुकानात जाऊन आलात म्हणे. पाटली मोडली, उरलेले पैसे तू घातलेस. लग्नात दिलेला तांब्याचा हंडा माहेरीच विसरून गेलीस, पण पैसे घालायचं बरं आठवलं! मनिषने विचारलं, "साध्याचं काय झालं?" तर सुनिता म्हणाली, "भिंतीला आपटला." मला फोनवर सांगताना सुनिताच हसत होती. चोवीस वर्षांत तिचं हसणं मी फोनवर प्रथम ऐकलं. घरात असं ऐकल्याचं मला आठवत नाही.

मग मयूरी म्हणाली, "आजी, फाइल पेनड्राइव्हवर ठेवली होती. टाकली आणि लगेच लक्ष्मी उघडली."

"कुठल्या हाताने देते?"

"उजव्या."

"आणि डायमध्ये?"

"डाव्या. तिकडे डावाच हवा, आजी."

"मला शिकवते!" म्हटलं. उंबरगावच्या बाजूला कुणाचं तरी मशीन आहे, तिथे खोदून घेणार म्हणाली. शेठने होकार दिला. लॅपटॉपची पूजा करा, पण कुंकू पडद्याला लावू नका. झाकणाला लावा.

मी इथेच राहणार. दोन प्लास्टर घेऊन बसलेल्या माणसाला कोण भरवणार? दोन वेळा मी भरवते. पहिल्या दिवशी घास तोंडाजवळ नेला आणि विचारलं, "उमेशा, बुधवारी बटण कोणी दाबलं?" त्याने मान फिरवली. घास मी ताटात परत ठेवला. दुसऱ्या दिवशीही तसंच, नुसती पेज प्यायला. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि म्हणाला, "मी." तेव्हा दिला. आता दर घासाला विचारते, दर घासाला सांगतो. बोलणं सवयीचं झालं म्हणून कालपासून दुसरा प्रश्न घेतला आहे. "सुनिताला लागायची ती भिंत कोण?"

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. कालपासून पुन्हा पेजेवर आहे. मला घाई नाही, दीड महिना आहे.

तर संगिते, आता शेवटचं, आणि हे तरी विसरू नको. सुक्या करंदीची, त्या बारीक कोळंबीची, चटणी करून पाठव. लसूण ठेचून, खोबरं भाजून, तेल सुटेपर्यंत परतलेली. त्याला ती जिवापाड आवडते. बरणी मोठी भर आणि झाकण घट्ट लाव. रोज दुपारी मी ती त्याच्यासमोर उघडीन. वास लगेच मिळेल, चटणी उत्तर आल्यावर.